पाचवा फोन

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय. तेराव्याला लिहिलं नाही, तुमच्या वाढदिवसाला लिहिलं नाही. आज बसले ती एका ईमेलमुळे. तुमचा तो बसचा गेम बनवणारी परदेशातली कंपनी गेम बंद करतेय, या महिन्याच्या अखेरीला. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय की इतक्या सुंदर प्रवासात सोबत केल्याबद्दल आभार. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की त्यानंतर तो कोणालाही उघडता येणार नाही. आपल्या घरात, आपल्या कॉम्प्युटरवर, आपण एकटेच खेळत असलो तरी नाही!

वाचून मला आनंद झाला. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? "बरं झालं, मेला एकदाचा," असं मी मोठ्याने म्हटलं. आई स्वयंपाकघरात होती. दचकून बाहेर आली आणि म्हणाली, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "कोणी नाही. बाबांचा गेम."

तिने हात पुसत विचारलं, "मग त्यांच्या फेऱ्या कुठे जाणार?"

तुम्हीच तिला सांगून ठेवलं होतंत ना, की गेममध्ये सगळ्या फेऱ्या लिहिलेल्या असतात, डेपोतल्या वहीसारख्या. ती म्हणाली, "बंद व्हायच्या आधी एकदा मला दाखव. त्यांनी किती गाडी चालवली ते बघू दे तरी." मी नको म्हणणार होते. पण सहा महिन्यांत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. म्हणून आज रजा घेतली, आणि ती खाली भाजीला गेल्यावर कॉम्प्युटर झाकायला टाकलेली तिची जुनी साडी काढली. ती यायच्या आत गेम लावून ठेवू, असा विचार होता.

लावून ठेवू म्हणे! बाबा, तुम्ही रोज हे कसं सहन करत होतात? नेट तर घरात नाहीच. तुमच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मी केबलवाल्याला फोन करून नेटचा डबा काढून न्यायला लावला होता. तो बिचारा म्हणाला, "ताई, महिना तर पूर्ण होऊ द्या." मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याने गुपचूप वायर गुंडाळली. आज माझ्या मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडलं. तर आधी म्हणे अपडेट. अरे, जो गेम आठवड्याभरात मरणार आहे, त्याला अपडेट कशाला? ते संपलं तर पासवर्ड. तो दिला तर तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. चौकोनातले सगळे सिग्नल ओळखा. मग एक आकडा माझ्या मेलवर, तो येईपर्यंत त्या पानाची वेळ संपली, की पुन्हा पहिल्यापासून! पाऊण तास मी तुमच्या खुर्चीत बसून शिव्या घालत होते. मेलेल्या माणसाची गाडी नुसती बघायला इतक्या परवानग्या?

पहिल्यांदा नेट गेलं तेव्हा तुम्ही हेच विचारलं होतंत. आठवतं?

तुम्ही रिटायर झालात आणि गॅलरीत स्टूल टाकून बसलात. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्यातली निम्मी तर आरेतून, तबेल्यांच्या आणि झाडांच्या मधून. आणि आता दहिसरच्या बाराव्या मजल्यावरून, खाली आगपेटीएवढ्या दिसणाऱ्या बसगाड्यांकडे बघत "ह्यो लेट, ह्यो पण लेट" करत बसायचात. गुडघे गेले होते, शुगर होती, आणि बोलणं तर जवळजवळ बंदच झालं होतं. आईने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "हे असे बसून बसून संपतील गं." म्हणून मी तो गेम आणला. घाटकोपरहून कोणीतरी वापरलेलं एक चाक आणि खालची पेडलं आणली, आणि आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला घट्ट आवळून बसवली. मीच आणला, बाबा. हे आधीच लिहून ठेवते.

तुम्ही खुर्चीत बसलात आणि पहिलं काय केलंत? उजवा हात वर करून आरसा नीट केलात. तिथे आरसा नव्हताच! आई इतकी हसली. मग तुम्ही उजवीकडे मान वळवून मागून काही येतंय का ते बघितलंत. मागे गॅलरीत आपले कपडे वाळत होते. त्या दिवशी तुम्ही रात्रीचं जेवण चाकासमोरच घेतलंत.

कुठलं तरी परदेशातलं शहर होतं ते. रस्त्यावर बर्फ, कोणी हॉर्न वाजवत नाही, स्टॉपवर माणसं शिस्तीत उभी. तुम्हाला ते अजिबात पटलं नव्हतं. "ही माणसां भांडत कशी नाय गो?" असं दोन दिवस चाललं होतं तुमचं. मग तुम्ही त्या स्टॉपना आपली नावं दिलीत. पूल ओलांडला की वाकोला, चढ संपला की पिकनिक पॉइंट, शेवटचा आपला चेक नाका. कंडक्टर नव्हता म्हणून आई स्वयंपाकघरातून वाटीवर चमच्याने दोनदा टण टण करायची, तेव्हा तुम्ही गाडी काढायचात. कधी ती विसरली तर तुम्ही थांबून राहायचात आणि ओरडायचात, "गो, डबल दी मां!"

तेवढे ते दोन आठवडे किती चांगले गेले!

मग नेट जायला लागलं. आपल्या टॉवरच्या रंगाचं काम निघालं होतं आणि परांचीवाले रोज कुठली तरी वायर ओढायचे. नेट गेलं की तुमची बस होती तिथे गोठायची आणि पडद्याच्या मध्ये एक गोल फिरत राहायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घरात होते. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "बाय, गाडी मी एकटोच चलवतंय मां? मगे ह्येका कोणाची परवानगी होयी?"

दुसरा खेळाडू नाही, कोणाशी शर्यत नाही, एक म्हातारा माणूस एकटा बसून बस चालवतोय, आणि त्याने ब्रेक दाबला की तो आधी परदेशात कळवायचा? पत्ते कुटायला आपण कोणाला विचारतो का? कॅरमला पावडर लागते, बाकी काही लागत नाही. पण मी तुम्हाला समजावलं की कंपनीचा एक मोठा कॉम्प्युटर लांब कुठेतरी असतो, त्याच्याशी बोलणं चालू असेल तरच गेम चालतो. तुम्ही मान हलवलीत. "म्हणजे थय स्टार्टर बसलोहा."

डेपोच्या खिडकीत बसून, वेळ बघून गाड्या सोडणारा तो स्टार्टर! तुमच्या डोक्यात ते एकदम बसलं. त्यानंतर तुम्ही त्या गोलावर कधीच चिडला नाहीत. चिडायचे ते मी. तुम्ही म्हणायचात, स्टार्टर जेवायला गेला असेल, येईल.

पण तुम्ही उठायचा नाहीत! हेच तर मला कळायचं नाही. बस रस्त्याच्या मध्ये गोठलेली, नेट अर्धा तास आलेलं नाही, आणि तुम्ही पाय ब्रेकवर दाबून बसलेले. गुडघा थरथरायला लागायचा तरी पाय काढायचा नाहीत. मी म्हणायचे, "बाबा, उठा, जेवून घ्या, ती बस कुठे पळून जात नाही." तर तुम्ही हळू आवाजात म्हणायचात, "गाडयेत माणसां आसत. अशी मधीच सोडून कसो उठू?" तीस वर्षांत तुम्ही गाडी कधी मध्ये सोडली नव्हती. आधी गाडी बाजूला, मग माणसं खाली, मग हॅन्डब्रेक, मग इंजिन बंद, आणि त्यानंतर ड्रायव्हरने स्वतःकडे बघायचं. हा नियम तुम्ही त्या खोट्या गाडीलाही लावलात. आई तिथेच ताट आणून द्यायची. तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मलाच तेवढं वाटत होतं.

एकदा तुम्ही नेटच्या डब्याची भलतीच वायर उपटलीत आणि तीन दिवस माझं घरून करायचं ऑफिसचं काम अडलं. तेव्हा मी तुम्हाला दम भरला, की डब्याला हात लावायचा नाही, काही झालं तर आधी मला फोन करायचा. तुमच्या मोबाइलवर एक नंबरचं बटण दाबून धरलं की मला फोन लागेल, असं मीच करून दिलं. तुम्ही आज्ञाधारक. नेट गेलं की फोन. दिवसातून तीनदा, चारदा. "बाय, नेट गेला गो." मी अंधेरीला लॅबमध्ये लोकांचे रक्ताचे रिपोर्ट टाइप करत बसलेली. एक आकडा चुकला तर माणूस घाबरून मरेल असं काम, आणि वर तुमचं हे. मी केबलवाल्याला फोन लावायचे, तो म्हणायचा बघतो, आणि पुन्हा तुमचा फोन.

आता त्या दिवसाचं लिहिते. इतके दिवस टाळलं.

मुलुंडच्या मावशीकडे सत्यनारायण होता. आई कधी जात नाही कुठे, पण मावशीने फारच आग्रह केला म्हणून गेली. तुम्ही घरी एकटे. सकाळपासून तुमचे फोन. नऊ अडतीस. दहा तेरा. दहा चव्वेचाळीस. अकरा अठरा. वेळा पाठ आहेत मला. चौथ्या वेळी मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच, पण लिहिल्याशिवाय हे पत्र पुढे जाणार नाही. मी म्हटलं, "बाबा, गेम आहे तो! खोटी बस आहे, खोटी माणसं आहेत. अक्कल आहे का जरा? परत जर नेटसाठी फोन केलात ना, तर घरी आल्यावर ते चाक कचऱ्यात टाकीन."

तुम्ही म्हणालात, "बरां." आणि फोन ठेवलात.

मी तेव्हाच ठरवलं की संध्याकाळी येताना तुमच्या आवडीचा खाजा घेऊन येईन.

अकरा बावन्नला पुन्हा फोन वाजला. आमचा चहा चालला होता. हातात कटिंग होतं, समोर रेखा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी. फोनवर तुमचं नाव दिसलं आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या ड्रायव्हरसाहेबांचं नेट गेलं बहुतेक." सगळे हसले. मी पण हसले, बाबा. आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. तो पूर्ण वाजला. मग थांबला.

आई चारला आली तेव्हा तुम्ही खुर्चीतच होतात. मान छातीवर. मी पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, शुगरच्या माणसांचं असं होतं, दुखतसुद्धा नाही, बसल्या बसल्या जातात. मग सगळे तेच म्हणायला लागले. कळलंही नसेल हो त्यांना, खेळता खेळता गेले, भाग्यवान माणूस. तुमचा मोबाइल टेबलाखाली पडला होता. तो मी उचलला. माझ्याआधी कोणाला दिसला नव्हता. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि माझ्या नावाचे ते पाचही कॉल पुसून टाकले.

का पुसले? मी स्वतःला सांगितलं की आईला उगाच त्रास नको. पाचवा फोनही नेटसाठीच असणार, चार होते तसाच. नेट गेलं, तुम्ही फोन केलात, मी घेतला नाही, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिलात, आणि मग कधीतरी शांतपणे गेलात. सहा महिने मी ही गोष्ट रोज स्वतःला सांगतेय. लॅबमध्ये सांगते, रस्त्याने चालताना सांगते. यात माझी चूक एवढीच राहते की मी चिडकी आहे. तेवढी चूक मला झेपत होती.

आणि आई? आईला लोकांनी सांगितलेलं पटलं ते अर्धंच. तुम्हाला त्रास झाला नाही, हे तिने घट्ट धरून ठेवलंय. पण तुम्ही एकटे गेलात, या दुसऱ्या अर्ध्याचं काय करायचं ते तिला कळत नाही. ती म्हणते, "आयुष्यात एकदा मी घर सोडून गेले, आणि तेव्हाच! मी असते तर पाणी तरी घातलं असतं तोंडात." त्यानंतर ती मुलुंडला गेली नाही. मावशीचा फोन घेत नाही. प्रसादाचा शिरा कोणी दिला तर हात मागे घेते. मावशी दारात येऊन रडून गेली, तरी ही आत पाठ करून बसून राहिली. मी सगळं बघत होते. माझ्याकडे एक वाक्य होतं, ज्याने तिच्यावरचं ओझं उतरलं असतं. ते मी बोलले नाही. सहा महिने तिला ते वाहू दिलं.

आज शेवटी तो गेम उघडला. तुमच्या फेऱ्यांचं पान सापडलं. दोनशे बारा फेऱ्या, बाबा! प्रत्येकीची सुटायची वेळ, संपायची वेळ, किती माणसं चढली, किती उतरली. आणि प्रत्येक वेळी नेट तुटलं ते लाल अक्षरात. आईला दाखवायला मी वरपासून खाली येत होते. हा दिवाळीचा दिवस, ही मावशी आली होती तेव्हाची. सगळ्यांत खाली शेवटची फेरी होती.

त्या दिवशी लाल ओळी चार आहेत. नऊ पस्तीस, दहा दहा, दहा चाळीस, अकरा पंधरा. माझ्या फोनमध्ये तुमच्या नावाखाली ते कॉल अजून आहेत, माझ्याकडचे मी पुसले नव्हते. मी फोन समोर धरला आणि एक एक ओळ लावून बघितली. नेट तुटलं, तीन-चार मिनिटांत तुमचा फोन. चारही बरोबर जुळतात.

अकरा बावीसला नेट परत आलेलं आहे. आणि त्यानंतर एकदाही गेलेलं नाही.

मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. पुन्हा वाचलं. घड्याळ तिकडच्या देशाचं असेल म्हणून आधीच्या दिवसांच्या वेळा तपासल्या. नाही, आपलंच घड्याळ आहे. अकरा शेहेचाळीसला तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. शेवटचा स्टॉप नव्हता तो, पुढे सात स्टॉप बाकी होते. दारं उघडलीत. एकोणीस माणसं उतरवलीत. हॅन्डब्रेक. इंजिन बंद. अकरा एकोणपन्नास. पुढे लिहिलंय की फेरी अपूर्ण, चालकाने संपवली. दोनशे बारा फेऱ्यांत तुम्ही मध्ये संपवलेली ती एकच.

नेट चालू होतं, बाबा. तुम्हाला कळलं होतं. छातीत दुखलं की हात गेला की काय झालं ते मला आता कधी कळणार नाही, पण काहीतरी झालंय हे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही आधी त्या खोट्या गाडीतली खोटी माणसं उतरवलीत आणि मग स्वतःसाठी फोन हातात घेतलात. आणि तो मला केलात. काही झालं तर आधी मला फोन करायचा, असं सांगितलं होतं ना मी!

शेजारच्या कांबळेताईंचं दार का नाही वाजवलंत? त्या नर्स आहेत, त्या दिवशी नाइट करून घरी झोपल्या होत्या, पंधरा पावलांवर. मी फोन घेतला असता तर मी त्यांनाच पाठवलं असतं. दोन मिनिटं लागली असती. वाचला असतात का? माहीत नाही. पण एकटे तर गेला नसतात.

आणि मला अजून एक विचारायचंय. एकोणपन्नासला तुम्ही इंजिन बंद केलंत. फोन बावन्नला आला. मधली तीन मिनिटं तुम्ही काय करत होतात? चष्मा शोधत होतात का? की मी ओरडेन म्हणून, चाक कचऱ्यात टाकेन म्हणून, फोन करू की नको याचा विचार करत बसला होतात? बाबा, तेवढं तरी नाही म्हणा. तेवढं एक नाही म्हणा.

ज्या गेमला मी सहा महिने शाप दिले, की एकट्या माणसाला खेळायलाही याला सतत जोडलेलं राहायला लागतं, तो जोडलेला होता म्हणूनच हे सगळं लिहून ठेवलं गेलं. तुमच्या शेवटच्या मिनिटांचा हिशोब मला ठेवता आला नाही, तो त्या लांबच्या कॉम्प्युटरने ठेवला. आठवड्याने तोही पुसला जाईल. मी आज उघडला नसता तर माझी गोष्ट कायमची खरी ठरली असती. मघाशी माझा हात दोनदा बंद करायच्या बटणावर गेला. तिला सांगायचं, लागलाच नाही गेम, नेट नाही ना आपल्याकडे. तिने लगेच मानलं असतं. नेट नाही म्हणून या घरात किती गोष्टी झाल्या नाहीत ते तिला माहीत आहे.

सांगितलं तर तिच्याकडचं अर्धं मी काढून घेणार. तुम्हाला कळलंच नाही, त्रास झालाच नाही, हे ती रोज देवापाशी बसून म्हणते. आता तिला कळेल की तुम्हाला कळलं होतं आणि कोणीतरी यावं असं वाटलं होतं. पण तुम्ही एकटे गेलात ते ती मुलुंडला होती म्हणून नाही, हेही कळेल. मी फोनच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि हसत होते.

ती मला माफ करेल की नाही, माहीत नाही. मी तिच्या जागी असते तर केलं नसतं. पुढची किती वर्षं या दोन खोल्यांत आम्ही दोघीच आहोत, आणि कदाचित ती माझ्याशी बोलणार नाही. मावशीशी बोलेल. चालेल मला.

लिफ्टचं दार वाजलं. तिच्या चपलांचा आवाज येतोय.

बाबा, तुम्हाला शब्द देते. स्क्रीन चालू ठेवली आहे, माझा फोनही शेजारी ठेवलाय, अकरा बावन्न दिसेल असा. ती आत येऊन विचारेल, "लागला का गं?" मी हो म्हणेन. पिशवी तिच्या हातातून घेईन, तिला तुमच्या खुर्चीत बसवेन, आणि तिने काही विचारायच्या आधी सांगेन की बाबांनी फोन केला होता आणि मी तो उचलला नाही.

तुमची,
बाय